ग्लायडर आणि त्याचा कागद

पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढू लागले की दुपारी घारी पंख न हलवता वर जाताना दिसतात. पश्चिमेचा वारा कड्याला धडकून वर वळतो, त्यावर त्या तरंगतात. ग्लायडरलाही असाच वर जाणारा वारा लागतो. घारीला मात्र पंख बदलायला कोणाची सही लागत नाही.

ग्लायडर पाहायचे तर आम्हा महाड-पोलादपूरकरांना सह्याद्री ओलांडून पुण्याजवळ हडपसरला जावे लागते. तिथले ग्लायडिंग सेंटर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे परवानगी देणाऱ्या खात्याचेच. एके काळी या खात्याच्या तांत्रिक केंद्रात ग्लायडरचे आराखडेही होत. त्यांची नावे थेट पंचांगातली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. आमच्या शेतकऱ्याला मृग-आर्द्रा म्हटले की भाताची पेरणी आणि आवणी आठवते. दिल्लीच्या अभियंत्यांना त्यात उड्डाण दिसले. १९६१ साली उडालेल्या लाकडी रोहिणीत गुरू-शिष्य शेजारी-शेजारी बसत.

आराखडा काढणारा आणि तपासणारा एकाच छपराखाली असणे सोयीचे खरे, पण परीक्षार्थीनेच पेपर तपासण्यासारखे. मला ते खटकते.

२०२४ पर्यंत कायदा १९३४ चा होता आणि त्याखालचे विमान नियम १९३७ चे. प्रमाणपत्र मिळते ते आराखड्यात आहे तशाच विमानाला. नवा रेडिओ बसवा, दोर अडकवण्याचा आकडा बदला, वजन आणि तोल सरकतो. मंजुरीशिवाय असा बदल केला की उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र निलंबित समजले जाते. किरकोळ बदलाला कागद थोडे लागतात. पंखाच्या तुळईला हात लावायचा तर ताकदीचे गणित, नकाशे, चाचण्या, सगळेच द्यावे लागते.

हा जाच वाटेल. पण चेक बनावटीच्या ब्लानिक एल-१३ चे काय झाले ते पाहा. १९५६ साली पहिल्यांदा उडालेले आणि पुढे जगभर शिकवणीला वापरलेले हे धातूचे ग्लायडर. १२ जून २०१० रोजी ऑस्ट्रियात फेरलाख येथे एकाचा पंख हवेतच तुटला, आतले दोघे गेले. तुळई मुळाशी थकून तडकली होती, आणि तो तडा बाहेरून दिसणारा नव्हता. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने एल-१३ जमिनीवर उतरवली. अनेक क्लबांची शिकवणीच त्यावर चाले. धडधाकट दिसणारी ग्लायडरे हँगरात पडून राहिली.

ती पुन्हा उडवायची तर पंखाच्या मुळाशी बळकटी हवी. क्लबच्या मिस्त्रीला ते काम हाताने जमलेही असते, पण किती तासांनी ती तुळई पुन्हा थकेल हे तो सांगू शकला नसता. आराखडा मूळ कारखान्याचाच असावा असेही बंधन नव्हते. बाहेरच्या अभियंत्यांनी तो केला, सुरक्षा संस्थेने तपासून पूरक प्रमाणपत्र दिले. मग मालकाने खर्च करायचा, मंजूर नकाशाप्रमाणे काम करून घ्यायचे आणि त्या एकेका ग्लायडरच्या नोंदवहीत ते लिहून घ्यायचे.