मेलेला काटा

दौंड–मनमाड रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि प्रवरेकाठच्या बेलापूरला स्टेशन मिळालं, पण गावापासून लांब. म्हणून त्याचं नाव बेलापूर रोड. पुढे पेठ वाढली ती स्टेशनाभोवतीच, आणि तिचं श्रीरामपूर झालं. रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र बेलापूरच राहिलं. तिकीट बेलापूरचं काढायचं आणि उतरायचं श्रीरामपुरात! काटा अर्धी टाकी दाखवत असताना पेट्रोल संपून रस्त्यात उभा राहिलेला जुन्या गाडीचा मालक असाच चक्रावतो.

काट्यावर नजर ठेवून काम करायची सवय या पट्ट्याला मोटारीमुळे लागली असं म्हणता येत नाही. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना जवळच्या हरेगावात उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. साखर कारखाना म्हणजे वाफ, आणि वाफ म्हणजे बॉयलरवरचं प्रेशर गेज. त्याच्या पोटात पितळेची चपटी, वाकवलेली नळी असते. दाब वाढला की ती उलगडू पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा सरकतो. यूजीन बुर्दोन या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपमध्ये ऑइल प्रेशरचा काटा हलायचा तोही याच नळीने. बॉयलर कळणाऱ्या फिटरला जीपचं ते मीटर परकं वाटायचं कारण नव्हतं.

सुरुवातीच्या मोटारींत मात्र इंधनाचा काटाच नसे. फोर्डच्या मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली होती. सीट उचलायची, टाकीत काठी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. ही पद्धत अडाणी म्हणून हसण्यासारखी नाही. काटा मेल्यावर आजही गॅरेजवाला पहिल्यांदा हेच करतो.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जुळवायला घेतल्या. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, कारखाना कुर्ल्याला. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी विलिसच्या जीपा मुंबईत जुळवल्या. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं की नुसती जुळवाजुळव चालणार नाही, सुटे भागही इथेच बनवावे लागतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या, प्रीमियर राहिली. कुर्ल्याची फियाट ११००, १९६४ ची डिलाइट आणि मग १९७४ पासून ‘पद्मिनी’ ही एकाच घराण्यातली भावंडं. गाडी वर्षानुवर्षं जवळपास तीच राहिली. ग्राहक त्यावर कुरकुरले, ते बरोबरच होतं. पण दुरुस्ती करणाऱ्याचं त्यात भलं झालं. एका गाडीचं मीटर दुसरीला बसे आणि एका गाडीवर शिकलेला हात शंभर गाड्यांवर चाले.

रस्त्यावरची वर्दळही तेव्हाच वाढली. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे–नगर मार्गावर, म्हणजे श्रीरामपूरच्याच जिल्ह्याकडे. मोटार आली तसा तिच्यामागोमाग वायरिंगचं काम करणाराही आला.

त्याची तपासणी पाहण्यासारखी असते. काटा हलत नाही म्हणून तो आधी डॅशबोर्ड खोलत नाही, डिकीकडे जातो. टाकीत एक फ्लोट असतो. पेट्रोल खाली गेलं की तोही खाली जातो, त्याची दांडी तारेच्या वेटोळ्यावरून सरकते आणि विजेला होणारा अडथळा बदलतो. डॅशबोर्डवरचा काटा एवढंच मोजतो. मिस्त्री फ्लोटच्या युनिटवरची वायर काढतो, चावी चालू करून ती क्षणभर बॉडीला टेकवतो. काटा एका टोकाला धावला की मीटर आणि वायर दोन्ही ठीक. दोष टाकीत किंवा तिच्या अर्थिंगमध्ये. (टोक ‘भरलेली’चं की ‘रिकामी’चं, हे गाडीगणिक बदलतं. ठिणगी उडू शकते, म्हणून टाकीचं तोंड बंद हवं.) बऱ्याचदा गुन्हेगार निघतो तो गंजलेला एखादा स्क्रू. पॉलिश पेपरने घासला की काटा उठून बसतो.

फ्लोटला बारीक भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं तर तो बुडतो आणि भरलेली टाकीही रिकामी दिसते. कानाजवळ हलवला की आत खळखळ ऐकू येते. पितळी फ्लोट पूर्ण कोरडा करून डाख देतात. प्लास्टिकचा असेल तर बदलायचा.

स्पीडोमीटरची गोष्ट निराळी. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्त्सेने १९०२ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, तेच तत्त्व पद्मिनीतही होतं: गिअरबॉक्सकडून आलेली केबल चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला न शिवताच ओढतो आणि केसासारखी स्प्रिंग तिला आवरते. काटा नाचायला लागला की वाटीला हात लावण्याआधी केबल काढून पुसावी, हलकं ग्रीस द्यावं. बहुतेक नाच तिथेच थांबतो.

सगळ्यांत अवघड दुरुस्ती जुन्या जीपच्या तापमानाच्या काट्याची. इंजिनमधल्या बल्बपासून मीटरपर्यंत केसाएवढ्या भोकाची तांब्याची नळी जाते आणि आत इथर असतं. नळी तुटली की इथर उडून जातं. तेव्हा दुसऱ्या मीटरचा धड बल्ब मीठ घातलेल्या बर्फात ठेवून इथर आकसवतात, नळी कापून जुन्या मीटरला डाखाने जोडतात. इथर पेट घेतं, त्यामुळे हे काम येरागबाळ्याचं नाही.

मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. सुटे भाग आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात शोधावे लागतात, आणि तिथे एक फसगत ठरलेली असते. मीटर आणि फ्लोटचं युनिट ही जोडी असते; दोन्हींचे ओहम जुळले नाहीत तर नवंकोरं मीटरही खोटंच दाखवतं. तेव्हा जुनी गाडी दारात असेल तर मेलेलं मीटर भंगारात घालू नका. आधी अर्थिंग घासून बघा, आणि बदलायचंच झालं तर जोडीने बदला.