मुकुटबन ते परळ : छातीतल्या कॅन्सरशी भिडणारे सर्जन डॉ. रमाकांत देशपांडे

परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर पाच मिनिटं उभं राहून बघा. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात रिपोर्टची जाडजूड फाईल घेतलेली माणसं दिसतील. त्यात विदर्भातून आलेलीही बरीच असतात. कुणी नातेवाईकाकडे उतरतं, तर कुणी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत.

याच टाटामध्ये ऑपरेशन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं उभे राहिलेले एक सर्जनही विदर्भातलेच. डॉ. रमाकांत कृष्णाजी देशपांडे. गाव मुकुटबन, जिल्हा यवतमाळ. फुप्फुसं आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत मोठं नाव. २०१४ साली केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

मुकुटबन नेमकं कुठे आहे?

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात. वणीकडून खाली तेलंगणाच्या सीमेकडे जाताना हे गाव लागतं. आजूबाजूला कापसाची शेती, कोळशाचा पट्टा, कोलाम आणि गोंड समाजाच्या वस्त्या. आता सिमेंट कारखान्यामुळे गावाचं नाव बातम्यांत येतं. पण कॅन्सरसारखा आजार निघाला की इथल्या माणसाला आधी नागपूर आणि नाहीच जमलं तर मुंबई गाठावी लागते. अशा गावातून निघून डॉ. देशपांडे देशातल्या सगळ्यात मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांपैकी एकात पोहोचले.

टाटामध्ये त्यांनी काय केलं?

टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. या हॉस्पिटलला सर्जन-शिक्षकांची मोठी परंपरा आहे. टाटाला लागून असलेला रस्ता डॉ. ई. बोर्जेस यांच्या नावाने ओळखला जातो. ते मूळचे गोव्याचे, टाटातले नावाजलेले सर्जन.

त्याच परंपरेत डॉ. देशपांडे यांची कारकीर्द घडली. टाटामध्ये ते प्राध्यापक आणि थोरॅसिक सर्जरीचे प्रमुख होते. पुढे ते मुंबईतल्याच एशियन कॅन्सर इन्स्टिट्यूटशी जोडले गेले. त्यांच्या नावावर २० हजारांहून जास्त शस्त्रक्रिया असल्याचं सांगितलं जातं. हा आकडा ४० वर्षांवर वाटून पाहिला, तरी आठवड्याला नऊ ते दहा ऑपरेशन्स होतात.

थोरॅसिक सर्जन म्हणजे कोण?

छातीच्या पिंजऱ्यातल्या अवयवांवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. हृदयाची ऑपरेशन्स करणारे सर्जन वेगळे. कॅन्सरचा थोरॅसिक सर्जन मुख्यतः फुप्फुसं, अन्ननलिका आणि छातीतल्या गाठी बघतो.

ही ऑपरेशन्स अवघड का, ते अन्ननलिकेच्या उदाहरणावरून समजेल. ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. गळ्यातून निघते, हृदयाच्या मागून खाली जाते आणि पोटात उतरते. कॅन्सर झाल्यावर नळीचा बहुतांश भाग आणि आजूबाजूच्या लसिका गाठी काढाव्या लागतात. मग प्रश्न येतो, पेशंट जेवणार कसा? त्यासाठी सर्जन जठराचीच एक लांब नळी तयार करतात आणि ती वर ओढून उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. अनेकदा हा जोड थेट मानेत दिला जातो. म्हणजे एकाच ऑपरेशनमध्ये पोट, छाती आणि मान अशा तीन ठिकाणी काम. छातीत काम सुरू असताना भूलतज्ज्ञ बऱ्याचदा एक फुप्फुस मिटवून ठेवतात आणि पेशंटचा श्वास दुसऱ्यावर चालवतात.

पूर्वी यासाठी छाती मोठा छेद देऊनच उघडायचे. आता अनेक पेशंटमध्ये छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारं आत घालून हे काम होतं. त्यामुळे दुखणं कमी होतं आणि माणूस लवकर उठून बसतो. पण प्रत्येक गाठ अशी निघत नाही. कुणाला दुर्बीण चालेल, कुणाची छाती उघडावी लागेल आणि कुणाला आधी किमो-रेडिएशन द्यावं लागेल, हे ठरवणंही सर्जरीइतकंच महत्त्वाचं असतं.

फुप्फुस काढल्यावर माणूस जगतो?

हो. १९३३ साली अमेरिकेत डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी एका पेशंटचं अख्खं फुप्फुस काढलं. तो पेशंट स्वतः डॉक्टर होता. ऑपरेशननंतर तो जवळपास ३० वर्षं जगला. ग्रॅहम मात्र अनेक वर्षं सिगारेट ओढत होते आणि १९५७ साली त्यांचाच मृत्यू फुप्फुसाच्या कॅन्सरने झाला. तंबाखू डॉक्टर आणि पेशंट असा भेद करत नाही. खर्रा घोटणाऱ्या विदर्भाला हे वेगळं सांगायची गरज नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू पानटपरीवरून गेलेला नाही.

शिकवण्याचं एवढं काय महत्त्व?

सर्जन कितीही मोठा असला तरी त्याला हात दोनच असतात. एका दिवसात तो ठरावीकच पेशंट घेऊ शकतो. त्याच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर मात्र वेगवेगळ्या शहरांत जातात आणि तिथे काम उभं करतात.

कॅन्सर सर्जन होण्याचा रस्ताही लांब आहे. आधी एमबीबीएस, मग तीन वर्षांचं एमएस आणि त्यानंतर कॅन्सर सर्जरीचं तीन वर्षांचं एमसीएच. गाठ फुप्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली असेल तर ती कशी सोडवायची आणि कुठे थांबायचं, हे पुस्तकातून येत नाही. ते सीनिअर सर्जनच्या समोर उभं राहूनच शिकावं लागतं. म्हणून टाटासारख्या ठिकाणी विभागप्रमुख असणं म्हणजे पुढची पिढी घडवण्याची जबाबदारी. देशभरातल्या कॅन्सर सेंटरना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून काम करतंय. हेतू हाच, की उपचार चांगले हवेत म्हणून प्रत्येकाला मुंबईची गाडी पकडावी लागू नये. तो हेतू पूर्ण व्हायचा तर प्रत्येक भागात शिकलेले हात लागतील.

आपण काय लक्षात ठेवायचं?

उत्तम सर्जनलाही एक गोष्ट हातात नसते. पेशंट कधी येणार, ही. आजार पसरल्यावर बऱ्याचदा ऑपरेशनचा पर्यायच उरत नाही. म्हणून हे अंगावर काढू नका :

- आधी भाकरीचा घास अडकतो, मग पातळही उतरेना.
- तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, थुंकीतून रक्त.
- बसलेला आवाज, कारण नसताना घटलेलं वजन.

प्रत्येक वेळी हा कॅन्सरच असेल असं नाही, पण तपासणी टाळू नका. घास अडकत असेल तर दुर्बिणीने तपासणी होते आणि शंका आली तर तुकडा काढून तपासतात. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरचे काही पेशंट कित्येक महिने टीबीचीच औषधं घेत राहतात. औषधं सुरू असूनही फरक पडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. खर्चाची भीती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन्स बसतात. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

मुकुटबनचा एक माणूस परळला पोहोचला आणि हजारो लोकांच्या छातीतला कॅन्सर काढत राहिला. आज मुकुटबनमध्ये कुणाचा घास अडकत असेल, तर त्याने पहिल्याच महिन्यात दवाखाना गाठायला हवा. तो वेळेत आला, तरच सर्जनच्या कौशल्याचा त्याला उपयोग आहे.