कॅम्डेन : शहराची गरिबी आणि शाळांचे निकाल

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, डेलावेअर नदीच्या काठी, फिलाडेल्फियाच्या समोर कॅम्डेन हे छोटे शहर वसले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ७२ हजार होती. एकेकाळी जहाजबांधणी, ध्वनिमुद्रण यंत्रे आणि डबाबंद सूप यांच्या कारखान्यांमुळे हे शहर भरभराटीस आले होते. १९६७ मध्ये जहाजबांधणीची गोदी बंद पडली, तर १९९० मध्ये कॅम्पबेल कंपनीने येथील सूपचे उत्पादन थांबवले. रोजगाराबरोबर मध्यमवर्गही शहर सोडून गेला.

या स्थित्यंतराचा थेट फटका सार्वजनिक शाळांना बसला. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून भागवला जातो. ज्या शहरात घरांच्या किमती कमी, तेथे कराचा दर चढा ठेवूनही उत्पन्न तुटपुंजेच राहते. परिणामी, ज्या मुलांना अधिक मदतीची गरज, त्यांच्याच शाळांकडे पैसा कमी, अशी विसंगती निर्माण झाली.

या विसंगतीविरुद्ध १९८१ मध्ये कॅम्डेनसह चार शहरांतील विद्यार्थ्यांच्या वतीने 'अ‍ॅबट विरुद्ध बर्क' हा खटला दाखल झाला. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब शहरी जिल्ह्यांच्या शाळांना श्रीमंत जिल्ह्यांच्या बरोबरीने निधी देण्याचा आदेश दिला. १९९८ च्या निकालाने तीन व चार वर्षांच्या बालकांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाचीही सोय करण्यास सांगितले. या वर्गांतील मुलांची प्रगती चौथी-पाचवीपर्यंत टिकून राहिल्याचे २०१३ मधील पाहणीत आढळले.

तरीही केवळ निधीने प्रश्न सुटला नाही. २०१३ मध्ये राज्याने कॅम्डेनच्या शाळांचा कारभार हाती घेतला, तेव्हा २६ पैकी २३ शाळांची गणना राज्यातील सर्वांत मागे पडलेल्या ५ टक्के शाळांत होत होती. विद्यार्थ्याच्या यशावर कौटुंबिक परिस्थितीचा प्रभाव मोठा असतो, असे जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालाने दाखवले होते. वारंवार बदलणारे घर, पालकांची अनिश्चित मजुरी आणि आजारपण यांमुळे मुलाची हजेरी तुटते व अभ्यास मागे पडतो. ही तूट वर्गात पूर्णपणे भरून काढणे अवघड असते.

म्हणूनच निकालांची तुलना करताना शाळेइतकीच शहराची आर्थिक स्थितीही लक्षात घ्यावी लागते, हा कॅम्डेनचा धडा आहे.