इंजिनातलं पाणी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याचा इतिहास सांगायला बसलं की नळदुर्गचा पाणीमहाल आलाच. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं ते काम, बोरी नदीवरचं. मी मात्र आज इंजिनाच्या अंगात फिरणाऱ्या पाण्याविषयी बोलणार आहे.

हे पाणी शेतकऱ्याला मोटारीच्या आधी विहिरीवर भेटलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढं हळूहळू मोटेच्या जागी डिझेल इंजिनं आली. पंपानं उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार नळीनं इंजिनात सोडायची. ती तापून दुसऱ्या अंगानं बाहेर पडायची. थंडीत आम्ही पोरं त्या कोमट धारेखाली बसायचो. वरून अब्बांची हाक यायची, ‘उठा, ज्वारीला जाऊ द्या पाणी!’ इंजिन थंड करून तेच पाणी रानात जायचं.

मोटारीला विहीर सोबत नेता येत नाही. कार्ल बेन्झच्या १८८६च्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि सारखं भरावं लागायचं. नव्या शतकाच्या तोंडावर मायबाखनं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तेव्हा तेच ते पाणी फिरवून निववणं खरं साधलं. १९३२ साली निजामाच्या रेल्वेनं २७ बसगाड्या रस्त्यावर आणल्या. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद संस्थानातच होता. पुढं फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडरचे दिवस आले. सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढायचा म्हणजे डिकीत पाण्याचा डबा हवाच. वाफ दिसली की गाडी कडेला.

मग मारुती आली, १९८३ साली. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या इंजिनांबरोबर कूलंट हा शब्द घरोघर पोचला. त्यातलं ग्लायकॉल थंड देशात पाणी गोठू नये म्हणून घालतात. आपल्याकडं बर्फ कुठला? पण त्यानं पाणी उशिरा उकळतं आणि सोबतची औषधं गंज धरू देत नाहीत. आमच्या बोअरचं जड पाणी भांड्याला जो पांढरा थर देतं, तोच रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. म्हणून कूलंट मिसळायचं ते बॅटरीच्या, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात. बहुधा निम्मं-निम्मं; तयार मिसळलेलं असेल तर तसंच ओतायचं.

हे काम घरच्या अंगणात होतं. फक्त इंजिन पूर्ण गार हवं. झाकण दाब धरून असतं, त्यामुळं आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की तोंडावर उसळतं. खालून जुनं सोडायचं, नवं सावकाश भरायचं. मग खरी मेख: आत अडकलेली हवा. हवेचा गोळा राहिला की पाणी फिरत नाही आणि टाकी भरलेली दिसत असतानाही इंजिन तापतं. इंग्रजीत ती काढण्याला रक्त काढणं म्हणतात. आमचे मिस्त्री ‘एअर काढणं’ म्हणतात. शब्दांचा धंदा करणारा माणूस म्हणून सांगतो, मिस्त्र्यांचा शब्द नेमका आहे.

हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, म्हणजे त्याच्या नळ्यांतली हवाही सुटते. काही गाड्यांना हवेसाठी वेगळा स्क्रू असतो. ज्या गाडीत झाकण उघडं ठेवून हवा काढायची रीत आहे, तिथं इंजिन गार असतानाच सुरू करायचं आणि चेहरा लांब ठेवायचा. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येतात, पातळी खाली जाते. ती भरत राहायची. बुडबुडे थांबले की झाकण. गाडी पुन्हा गार झाल्यावर पातळी एकदा बघायची. गाडीसोबतचं पुस्तक आधी वाचावं, प्रत्येक गाडीची तऱ्हा निराळी.

आता जुन्या कूलंटचं. ते चवीला गोड असतं आणि जहर असतं. दुष्काळी जिल्ह्यात तहानेलं जनावर गटारालाही तोंड लावतं. शेळी, कुत्रं, कुणीही. पोरांच्या हाती लागलं तर तेच. अंगणात सांडलेलं लगेच पुसून घ्यावं आणि पाटीत काढलेलं झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर नाव लिहून, जुनं कूलंट घेणाऱ्या गॅरेजला द्यावं. विहिरीवरच्या इंजिनाचं पाणी ज्वारीला चालायचं. हे गवतालासुद्धा घालू नये.