नागपूरच्या तळ्यातले घराणे

आकुर्डी म्हटले की डोळ्यांपुढे कारखाने आणि पाळीला निघालेले कामगार उभे राहतात. पण याच आकुर्डीत भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्रही आहे. १९५९ साली पुण्यात सुरू झालेल्या या केंद्राचे काम म्हणजे आपल्या भागात कोणकोणते प्राणी राहतात याची नोंद ठेवणे. "डबक्यातल्या किड्यांची नोंद ठेवून काय मिळतं हो?" असे कुणी विचारील. त्याला उत्तर म्हणून नागपूरची एक हकीकत सांगतो.

१८४५ साली स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरास आले. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचे काम. पण दगड, जीवाश्म, प्राचीन शिळावर्तुळे यांचाही त्यांना मोठा नाद. नागपूरच्या गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी प्राणी त्यांनी जमवले आणि ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड यांनी १८५९ साली त्यांचे वर्णन छापले. त्यांतल्या एकाला हिस्लॉप यांचेच नाव मिळाले. हा प्राणी अवघा काही मिलिमीटरांचा. शिंपल्यासारख्या दोन कवचांत राहणारा, पण जातकुळी कोळंबी-खेकड्यांची. १८६३ साली टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. नाव मात्र त्या इवल्याशा जिवाबरोबर टिकले.

पुढे १८८७ साली नॉर्वेचे शास्त्रज्ञ सार्स यांनी मोठी गंमत केली. ऑस्ट्रेलियाहून आलेला वाळका चिखल त्यांनी पाण्यात घातला, तर त्यातून जिवंत प्राणी निघाले! "हा तर नागपूरचाच प्राणी," असे त्यांनी ठरवले आणि त्याच्या प्रजातीला सायक्लेस्थेरिया हे नाव दिले. दक्षिण अमेरिकेतही असाच प्राणी सापडला. तेव्हा उष्ण कटिबंधात सगळीकडे ही एकच जात, असा समज रूढ झाला.

तो समज २०१३ साली मोडला. प्राण्यांच्या बहुतेक पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तंतुकणिका, असतात. त्यांची स्वतःची छोटी जनुकपोथी असते. प्राण्यांत बहुधा ३७ जनुकांची. ती सहसा आईकडूनच लेकरांना मिळते. त्यामुळे तिच्यात आईच्या घराण्याची वंशावळ वाचता येते. भारत, सिंगापूर, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि फ्रेंच गियाना येथील प्राण्यांचे या पोथीतले एक जनुक, आणि जोडीला पेशीकेंद्रातली दोन, शास्त्रज्ञांनी ताडून पाहिली. खंडाखंडांतील प्राण्यांत त्या तंतुकणिकांच्या जनुकात शेकडा १३ हून अधिक फरक निघाला. म्हणजे दिसायला सारखी, पण जाती निराळ्या! अमेरिकेची शाखा वेगळी झाली ती क्रिटेशस युगात, गोंडवन खंड फुटत होता तेव्हा. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाचे बहुतेक थर अजून पडायचे होते.

आता पाहा, यांतला खरा 'हिस्लॉपी' कोणता, हे ठरवायचे तर मूळ ठिकाणाकडे, नागपूरकडेच, यावे लागते. तिथली तळी बुजली असती, तर ताडून पाहायचे कशाशी?

आपल्याकडची मोजदादही संपलेली नाही. सह्याद्रीतल्या, कोळंबी-खेकड्यांच्याच जातकुळीतल्या एका प्राण्याला 'सह्याद्रिएन्सिस' हे नाव मिळाले ते २०१४ साली. कारखाने हवेतच; त्यांवर हजारो घरे चालतात. पण चाकणच्या माळावर एखादे तळे बुजवण्यापूर्वी त्यातले ओंजळभर पाणी कुणी जाणत्याने पाहून ठेवावे, एवढे तरी आपण मागू या.