कांठ कोणाचा, वाट कोणाची?

सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून दूर असलेल्या नगर जिल्ह्यांत बसून समुद्रकिनाऱ्याच्या हक्काविषयीं बोलावें, हें कित्येकांना विचित्र वाटेल. ज्या मुलखाचें अर्धें आयुष्य पावसाकडे डोळे लावून बसण्यांत जातें, त्याला भरती-ओहोटीच्या रेषेशीं काय कर्तव्य? परंतु आज मी जो प्रश्न आपल्यापुढें मांडणार आहें तो केवळ समुद्राचा नाहीं. तो पाण्याच्या कांठाचा आहे. आणि पाण्याच्या कांठाचा प्रश्न दुष्काळी मुलखाला जितका जवळचा, तितका दुसऱ्या कोणालाहि नसेल.

कोंकणांत आणि गोव्यांत किनाऱ्यालगत आंखून-रेखून वसाहती आणि हॉटेलें उभीं राहतात. त्यांच्या कुंपणापलीकडे वाळू असते, आणि वाळूपलीकडे समुद्र. समुद्र कोणाच्या मालकीचा नाहीं, हें सर्वच कबूल करतात. लाटांनीं भिजणारी वाळूहि सर्वांची मानली जाते. मग शेजारच्या गांवचा कोळी किंवा शेतकरी तेथें जाऊन उभा कां राहूं शकत नाहीं? कारण मधली वाट दुसऱ्याच्या जमिनींतून जाते. ही मधली वाट हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय होय.

पाण्याचा कांठ सर्वांचा, हें तत्त्व फार जुनें आहे. इ. स. ५३३ मध्यें रोमन सम्राट् जस्टिनियन यानें कायद्याची जी पाठ्यपोथी सिद्ध करविली, तींत हवा, वाहतें पाणी, समुद्र आणि म्हणूनच समुद्राचा किनारा, हीं निसर्गतः सर्वांचीं म्हटलीं आहेत. आपल्या धर्मशास्त्रांतहि तळें किंवा विहीर बांधणाऱ्यानें तिचा लोकांसाठीं ‘उत्सर्ग’ करावा, असा विधि सांगितला आहे. पाणी एकदां सोडलें कीं सोडलें. तत्त्व याप्रमाणें दोन्हीकडे निःसंदिग्ध आहे. पण तत्त्व आणि वहिवाट यांचें अंतर किती असतें, तें आमच्या नगरच्या इतिहासांतच पाहावें.

१४९० मध्यें मलिक अहमदानें भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला, आणि पुढें तेथेंच सीना नदीच्या कांठीं आपलें शहर वसविलें. तें योजनापूर्वक वसविलेलें शहर होतें. कापूरवाडी, भिंगार, वडगांव, शेंडी अशा गांवांहून खापरी नळांनीं पाणी आणून तें शहरांतील हौदांत सोडण्यांत आलें. ज्या काळीं पंप नव्हते, त्या काळीं केवळ उताराच्या जोरावर मैलोगणती पाणी खेळविणें, हें लहान काम नव्हे. परंतु निजामशाहींतील पाण्याचा दुसरा एक प्रवाह दरबाराच्या विलासाकडे वळला होता. १५८३ च्या सुमारास पुरा झालेला फराह बागेचा महाल एका विस्तीर्ण हौदाच्या मधोमध उभा आहे. शहराच्या उत्तरेकडील हश्त बिहिश्त बागेंतला अष्टकोनी महालहि तसाच पाण्यांत बांधलेला होता. तेथें भिंतीची गरज नव्हती. पाणी हेंच कुंपण होतें. एकाच शहरांत एक पाणी लोकांकडे चालून येत होतें, आणि दुसरें लोकांना दूर ठेवीत होतें.

याच जिल्ह्यांत, जामखेड तालुक्यांतल्या चौंडी गांवीं, १७२५ मध्यें अहिल्याबाई होळकर जन्मल्या. २०२४ पासून जिल्ह्याला त्यांचेंच नांव लाभलें आहे. महेश्वरीं नर्मदेवर आणि काशीस गंगेवर त्यांनीं घाट बांधविले, हें सर्वश्रुत आहे. पण त्या दानाचा अर्थ आपण नीट ध्यानांत घेतो काय? नर्मदा किंवा गंगा त्यांनीं निर्माण केली नव्हती. पाणी तेथें होतेंच. त्यांनीं दिल्या त्या पायऱ्या. म्हाताऱ्या माणसाला आणि डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला न घसरतां पाण्यापर्यंत उतरतां यावें, एवढीच ती सोय होती. नदी सर्वांची आहे असें म्हणणें सोपें असतें. ती सर्वांची व्हावी म्हणून पायऱ्या बांधाव्या लागतात.

तथापि इतिहास सांगतांना एक गोष्ट झांकून ठेवतां येत नाहीं. आमच्या गांवोगांवीं ज्याला सार्वजनिक पाणवठा म्हणत, तो खरोखर सर्वांचा नव्हता. महार-मांगांचें पाणी वेगळें, त्यांची वाटहि वेगळी. तेथें कुंपण दगडांचें नव्हतें, रूढीचें होतें. आणि दगडांच्या कुंपणाहून तें ओलांडण्यास कठीण होतें.

त्या कुंपणावर उघड आघात झाला तो घाटाखालीं, महाडास. ऑगस्ट १९२३ मध्यें रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानें मंजूर केला, आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले ठरले. पुढल्या वर्षीं महाडच्या नगरपालिकेनेंहि तसाच ठराव केला. कागदावर चवदार तळें मोकळें झालें. पण त्या पाण्याला हात लावण्यासाठीं २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनीं ओंजळभर पाणी प्राशन केलें. त्याबद्दल त्यांच्या माणसांना गांवांत मारहाण सोसावी लागली.

पुढें हें प्रकरण न्यायालयांत गेलें. तेथें त्या चार-पांच एकरांच्या तळ्याचें जें वर्णन आलें, तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. तळ्याभोंवतीं नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्णांचीं घरें. आणि कांठावरच्या जमिनीच्या पट्ट्या आणि पाण्यांत उतरणारे घाट, हे पुष्कळ ठिकाणीं त्याच घरमालकांचे. म्हणजे तळें सार्वजनिक आणि पायऱ्या खाजगी! आजच्या समुद्रकिनाऱ्यावरील तंट्याचें संपूर्ण चित्र त्या एका तळ्याभोंवतीं उमटलेलें होतें. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि कालापासूनची असल्याचें वादींना सिद्ध करतां आलें नाहीं. एका ओंजळीचा हक्क शाबीत होण्यास दहा वर्षें लागलीं.

महाडहून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस गेलें म्हणजे गोवा लागतो. तेथें दोनापावल्याजवळ वायंगिणीचा किनारा आहे. एका हॉटेलासाठीं सरकारनें तेथील जमीन संपादन करून दिली, आणि १९८३ च्या करारांत अशी अट घातली कीं, लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. पुढें त्या जमिनीवर बांधकाम वाढलें आणि वाट अडली. लोक न्यायालयांत गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें २००० मध्यें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि २००९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. सरकार हें नदी, वन, समुद्रकिनारा यांचें मालक नसून लोकांच्या वतीनें विश्वस्त आहे, हें तत्त्व त्याच न्यायालयानें १९९६ मध्यें बियास नदीच्या खटल्यांत सांगितलें होतें. येथें तें समुद्रापर्यंतच्या पायवाटेला लागू झालें. पण कथा तेथें संपत नाहीं. २००९ मध्येंच गोव्यांत भूसंपादनाच्या कायद्यांत दुरुस्ती करून त्या बांधकामाला आधार देण्यांत आला, आणि २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती वैध ठरविली. वाट एकदां मिळविली म्हणजे कायमची मिळाली, असें समजून स्वस्थ बसतां येत नाहीं, हाच त्यांतला धडा.

भारत सरकारनें १९९१ मध्यें किनाऱ्याच्या संरक्षणासाठीं जी अधिसूचना काढली, तींतला एक नियम मला विशेष शहाणपणाचा वाटतो. किनाऱ्यावरील दोन हॉटेलांच्या मध्यें निदान वीस मीटर रुंदीची मोकळी जागा लोकांना जाण्यासाठीं ठेवावी, आणि अशा दोन जागांमध्यें पांचशें मीटरांहून कमी अंतर नसावें, असा त्याचा आशय आहे. किनारा सर्वांचा आहे, असें केवळ घोषित करून हा नियम थांबत नाहीं. वाट किती रुंद आणि किती अंतरावर, तें तो मोजून सांगतो. हक्क मोजून दिला म्हणजेच तो मागतां येतो.

मालकाची बाजू मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. त्यानें जमीन विकत घेतलेली असते. येणारे लोक कचरा टाकतात, दंगा करतात, आणि दुसऱ्या दिवशीं झाडलोट त्याच्याच माणसांना करावी लागते. ही तक्रार खोटी नाहीं. परंतु तिला उत्तर शिस्तीचें असावें, फाटकाचें नव्हे. वर्तनावर निर्बंध घालावेत. माणसावर घालूं नयेत. कचऱ्याचें कारण सांगून एकदां फाटक बंद झालें, तर किनारा स्वच्छ झाल्यावर तें कोण उघडणार?

शेवटीं पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे वळूं. अकोले तालुक्यांत प्रवरेवर १९१० मध्यें सुरू झालेलें भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें, आणि डोंगरांच्या कुशींत एक सरोवर निर्माण झालें. समुद्र नसलेल्या जिल्ह्याला मिळालेला तो किनाराच म्हटला पाहिजे. आज त्याच्या कांठीं प्रवाशांसाठीं विश्रामगृहें आणि तंबू उभे आहेत. त्यांत गैर कांहीं नाहीं. त्यावर कित्येक कुटुंबांची चूल पेटते. पण कांठावरच्या जमिनीचें मोल वाढलें कीं पायवाटेचें मोल घटतें, हें महाडच्या आणि वायंगिणीच्या उदाहरणांवरून आपण पाहिलें. गुरांची पाण्यावर जाण्याची वाट, जाळें टाकणाऱ्याची वाट, सांजवेळीं सहज फिरावयास येणाऱ्याची वाट, ह्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर सहसा दिसत नाहींत. म्हणून आराखडा आंखतांनाच त्या नकाशावर आल्या पाहिजेत. नंतर त्या मागण्यासाठीं न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या पाण्याच्या पायऱ्यांपेक्षां फार उंच असतात.

चौंडीच्या कन्येनें पायऱ्या बांधल्या आणि महाडच्या सत्याग्रह्यांनीं त्या सर्वांसाठीं मागितल्या. आपल्या वाट्याला आलेलें काम त्या मानानें लहान आहे: आहे ती वाट बुजूं न देणें.