तिकिटावर उघडलेली वेस

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड रंगतो तेव्हा वेशीवर उभे राहून कोणी कोणास ‘तू कुठला, कशासाठी आलास’ असे विचारीत नाही. पंचक्रोशीतला माणूस खांद्यावर घोंगडे टाकून येतो, फडाच्या कडेला बैठक मारतो, आपल्या गावच्या मल्लासाठी घसा कोरडा करतो आणि दिवेलागणीला घरी परततो. राष्ट्राराष्ट्रांच्या सामन्यांचे तसे नाही. तेथे खेळाडूंना सन्मानाने बोलावणे जाते. त्यांच्यामागून येऊ पाहणाऱ्या प्रेक्षकाला मात्र आधी परक्या सरकारच्या दारात तिष्ठावे लागते. खेळाच्या इतिहासात धावा आणि बळी यांची नोंद कसोशीने ठेवतात. या प्रेक्षकाची नोंद कोणी ठेवीत नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्या क्रिकेटपुरते बोलायचे, तर ती नोंद धावफलकापेक्षा अधिक बोलकी ठरेल.

फाळणी झाली तेव्हा नकाशावर रेघ पडली, पण ती ओलांडायला कागद लागत नव्हता. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सक्तीचा केला; पुढे पाकिस्ताननेही तेच केले. पूर्व बंगालची वाट त्यानंतरही मोकळी होती. अखेर १५ ऑक्टोबर १९५२ या दिवशी दोन्ही देशांत पारपत्र आणि व्हिसा यांची पद्धत सुरू झाली आणि ती वाटही बंद झाली. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १६ ऑक्टोबरला, दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. एका दिवशी वेशीला दार बसले आणि दुसऱ्या दिवशी शेजारी आखाड्यात उतरले!

उतरले ते तरी एकमेकांना परके होते काय? पाकिस्तानचा कर्णधार अब्दुल हफीज कारदार १९४६ साली भारताच्या संघातून इंग्लंडमध्ये खेळला होता. अमीर इलाही हाही आधी भारताकडून खेळलेला. भारताचे कर्णधार लाला अमरनाथ तर लाहोरात वाढलेले. विनू मंकडने त्या सामन्यात तेरा बळी घेतले, भारत जिंकला, आणि पुढे मालिकाही दोन विरुद्ध एक अशी भारताकडेच राहिली. हे सारे पुस्तकांत आहे.

पण खरी गोष्ट घडली ती १९५५ च्या जानेवारीत. भारताचा संघ पाकिस्तानात गेला होता आणि २९ तारखेपासून लाहोरच्या बागेतील मैदानावर तिसरी कसोटी होती. लाहोर ते अमृतसर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. एके काळी लोक सकाळी जाऊन खरेदी करून संध्याकाळी परतत. या सामन्यासाठी सरकारांनी वाघ्याची वेस प्रेक्षकांकरिता सैल केली आणि पाहता पाहता अमृतसरच्या बाजूने माणसांचा लोंढा लागला. रोज दहा हजारांच्या आसपास भारतीय सीमा ओलांडून गेले, असे त्या वेळच्या वृत्तांतांवरून सांगितले जाते. पुष्कळ जण दिवसभर खेळ पाहून रात्री अमृतसरला परत येत. अवघ्या साडेसात वर्षांपूर्वी याच रस्त्याने माणसे जीव मुठीत धरून पळाली होती. आता तीच माणसे शिदोऱ्या बांधून उलट दिशेने निघाली होती. लाहोरच्या बाजारांतून शीख पाहुणे पुन्हा हिंडले आणि लोकांनी त्यांचे अगत्याने स्वागत केले.

ही गर्दी केवळ चेंडूफळीसाठी होती, असे कोण म्हणेल? ज्याचे घर, गल्ली, शाळा, दुकान त्या शहरात राहिले होते, त्याला तिकडे जाण्यास दुसरे निमित्त उरले नव्हते. ‘माझे जुने घर पाहायचे आहे’ अशा कारणासाठी कोणते सरकार वेस उघडते? पण ‘सामना पाहायचा आहे’ या कारणासाठी ती उघडली. मैदानाचे तिकीट हाच घर पाहण्याचा परवाना ठरला.

आणि मौज अशी, की क्रिकेटच्या दृष्टीने ही मालिका अतिशय कंटाळवाणी म्हणून प्रसिद्ध आहे. पाचही सामने अनिर्णित राहिले. लाहोरला मकसूद अहमद नव्व्याण्णव धावांवर असताना सुभाष गुप्ते यांच्या गोलंदाजीवर पुढे सरसावला आणि आपल्या मुंबईच्या नरेन ताम्हाणे यांनी त्याला यष्टिचीत केले, हा एक क्षण रसिक अजून आठवतात. इतिहासाने जिला रटाळ म्हणून बाजूला टाकले, त्याच मालिकेत हजारो माणसे आपल्या जुन्या शहरात चार पावले हिंडून आली.

१९६१ नंतर सतरा वर्षे खेळ बंद पडला. मध्ये दोन युद्धे झाली. १९७८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, पण प्रेक्षकांसाठी वेस खरी सताड उघडली ती २००४ च्या मार्चमध्ये. सामन्यांची तिकिटे काढलेल्या हजारो भारतीयांना पाकिस्तानने व्हिसा दिले. लाहोर-कराचीचे दुकानदार आणि टांगेवाले भारतीय पाहुण्यांकडून पैसे घेईनात, असे परतलेल्या कितीतरी जणांनी सांगितले. याच निमित्ताने जीनांची कन्या दीना वाडिया पाकिस्तानात गेल्या. मुंबईच्या वाडिया घराण्याच्या सून झालेल्या या बाई १९४८ साली वडिलांच्या अंत्यविधीला गेल्या होत्या. त्यानंतर छप्पन वर्षांनी, क्रिकेटच्या निमंत्रणावरून, त्यांनी कराचीला वडिलांच्या कबरीचे दर्शन घेतले. राष्ट्राच्या संस्थापकाच्या मुलीलाही सामन्याचे निमित्त लागावे! पुढच्या वर्षी मोहालीच्या कसोटीला पाकिस्तानी प्रेक्षक आले, तेव्हा चंदीगडच्या कुटुंबांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेऊन त्या पाहुणचाराची परतफेड केली.

तरीही ही उदारता मोजूनमापून होती, हे विसरता येत नाही. या दोन देशांतला व्हिसा देशासाठी नसे, नेमक्या शहरांसाठी असे. कोणत्या नाक्यातून आत यायचे हे ठरलेले, पोलीस ठाण्यावर वर्दी देणे बहुतेकांना बंधनकारक. लाहोरचा कागद असलेल्याला रावळपिंडीचे घर पाहता येत नसे. सरकारांचेही पुरते चुकते असे म्हणवत नाही. पाहुण्यांच्या गर्दीत कोण शिरेल याची धास्ती त्यांना असते, आणि ती धास्ती निराधार नाही. पण दुसरी रीतही जगात आहे. २०१८ साली रशियाने फुटबॉलच्या विश्वचषकाचे तिकीट काढणाऱ्यास ओळखपत्र दिले आणि त्याच्यावर व्हिसावाचून प्रवेश दिला. २०२२ मध्ये कतारनेही तशाच पत्रावर पाहुणे घेतले. तेथे प्रेक्षक पाहुणा धरला गेला, आपल्याकडे तो आधी संशयित असतो.

२०२३ च्या विश्वचषकासाठी पाकिस्तानचा संघ सात वर्षांनी भारतात आला. हैदराबादेत खेळाडूंचे प्रेमाने स्वागत झाले. परंतु अहमदाबादच्या लाखाहून अधिक प्रेक्षकांत पाकिस्तानातून आलेले जवळजवळ कोणीच नव्हते, आणि व्हिसाच्या प्रश्नावर त्यांच्या मंडळाने आंतरराष्ट्रीय मंडळाकडे निषेध नोंदवला. डिसेंबर २०२४ मध्ये ठरले, की २०२७ पर्यंतच्या जागतिक स्पर्धांत, यजमान या दोहोंपैकी कोणीही असो, उभय संघांचे सामने तिसऱ्या ठिकाणी व्हावेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची हत्या झाली. त्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि अटारीचा नाका बंद केला.

तिसऱ्या ठिकाणी सामना होतो, तेव्हा खेळ तोच असतो, गर्दीही असते, दूरचित्रवाणीवर तो घरोघर दिसतो. उणे काय पडते? फक्त यजमान आणि पाहुणा. दुबईच्या मैदानावर दोन्हीकडची माणसे शेजारी बसतात खरी, पण त्यांतल्या कोणालाही संध्याकाळी आपल्या आजोबांच्या गल्लीतून चक्कर मारता येत नाही. लाहोर सोडताना जे जाणते होते, ते आता नव्वदीच्या घरात आहेत. निमित्त पुन्हा कधी सापडेल ते सापडो. त्यांच्याजवळ थांबायला वेळ थोडा आहे.